पहिल्या वहीतली चूक

१

पहिली वही कपाटात नाही, हे आठ डिसेंबरच्या सोमवारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आणि ‘कांताने रद्दीत घातली असेल,’ हे वाक्यही पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं.

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात दारासमोर एक काळा फळा आहे. चाळीस वर्षं त्यावर रोज संध्याकाळी शेअरबाजाराचा बंद आकडा लिहिला जातो. ही प्रथा महिपतराव कारेकरांची. ते फोर्टातल्या एका दलालाच्या पेढीत कारकून होते. जानेवारी १९८६मध्ये मुंबईच्या बाजाराचा निर्देशांक निघू लागला, तेव्हापासून ते तो आकडा चिठ्ठीवर लिहून आणत, फळ्यावर खडूने उतरवत आणि मग वहीत नोंदवत. लोक भाजी घेऊन घरी जाताना थांबून फळा बघायचे. ज्यांच्याकडे एकही शेअर नव्हता तेही बघायचे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुहूर्ताचे सौदे होत. त्या दिवशी महिपतराव आकड्याला कुंकवाचं बोट लावत.

महिपतराव जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्यानंतर फळा मी लिहिते. मी शीला वर्तक, एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, वय एकोणऐंशी. साडेपाचशेच्या आसपास सुरू झालेला आकडा आज पंच्याऐंशी हजारांच्या घरात आहे. चक्रवाढीने वर्षाला साडेतेरा टक्के पडतात. हे मला कागद न घेता सांगता येतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

एक जानेवारीला निर्देशांकाची चाळीस वर्षं म्हणून ठाण्यात आमच्या वह्यांचं प्रदर्शन ठरलं होतं. आठ वह्या, त्यातली पहिली सर्वांत महत्त्वाची. खारव्याच्या, म्हणजे जाड लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, १९८६ ते १९९०. तीच नव्हती.

वह्यांच्या कपाटाला दोन चाव्या. एक माझ्याकडे, एक चिटणीस गुरुदत्त सामंतांकडे. झाडलोट करणारी कांता पुसायला म्हणून माझी चावी घेई. वाचनालयातल्या जुन्या पेपरांची रद्दी विकून पैसे तिने घ्यायचे, हा तिचा जुना हक्क.

“वही बाहेर न्यायची तर देवघेव रजिस्टरात सही हवी,” मी सामंतांना म्हटलं. “रजिस्टर कोरं आहे. म्हणजे वाचकाने नेली नाही. उरली रद्दी.”

कांता दारातच उभी होती. तिच्या हातात फडकं होतं.

“कशी होती ती वही, बाई?” तिने विचारलं.

“लाल. खारव्याची. इतकी वर्षं पुसतेस आणि विचारतेस?”

तिचा चेहरा एकदम पडला. तिने फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि चावी माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, बघा, चेहराच बोलतोय.

२

शोध घ्यायचं काम कमिटीने माझ्यावरच सोपवलं. “शीलाताईंची स्मरणशक्ती म्हणजे छापखाना,” सामंत म्हणाले. “स्मरणिकेसाठी जुलैत तुम्ही लेख दिलात ना, त्यात पहिल्या पानावरची महिपतरावांची चूक काय सुरेख लिहिलीय! जांभळी शाईसुद्धा सोडली नाहीत.”

ती चूक अशी. जानेवारीतच एके दिवशी महिपतरावांनी पाचशे त्रेपन्नच्या जागी पाचशे पस्तीस लिहिले. चार लोक घाबरून भांडायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘चूक माझी.’ वहीतही आकडा खोडला नाही. बाजूला बरोबर आकडा आणि जांभळ्या शाईत तेच दोन शब्द, ‘चूक माझी. म. का.’ लेख अजून छापखान्यात होता, तो सामंत सोडून कोणी वाचलेला नव्हता. सामंतांनी केलेलं कौतुक मी ठेवून घेतलं.

मी पहिल्यांदा गेले आमचे विश्वस्त सहदेव भोईर यांच्याकडे. वाचनालयाची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. ब्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये त्यांनी खाडीकडचं शेत विकून पैसे बाजारात घातले होते, अगदी आकडा शिखरावर असताना. तेव्हापासून ते फळ्याकडे पाठ करून पेपर वाचतात.

“वही मी नाय नेली, बाई,” ते हसत म्हणाले. “मना नेयाचीच आसती तर एक कशाला? आठीच्या आठी नेल्या आसत्या आन होलीत टाकल्या आसत्या.”

“राग आहे अजून?”

“राग आकड्याव नाय. माज्याव हाय. महिपत मना फल्याजवल उभा करून बोल्लेला, सहदेवा, आज नको. मी आयकला नाय.” मग ते गंभीर झाले. “त्या कांताला इचारा नीट. पन नीट इचारा हां. गरिबाला इचारताना आपला आवाज चढतो.”

दुसरा संशय विनीतवर. हा प्रदर्शनाचा खर्च करणारा तरुण गुंतवणूक सल्लागार. पहिल्या वहीचं पहिलं पान फ्रेम करून ऑफिसात लावायला द्या, असं तो मागे म्हणाला होता. घोडबंदर रोडला त्याच्या ऑफिसात पोचायला मला दोन तास लागले.

“मॅडम, आकड्यांसाठी कोण वही चोरेल?” तो म्हणाला. “आकडे वेबसाइटवर फुकट आहेत. एकोणऐंशीपासूनचे, रोजचे.”

“निर्देशांक शहाऐंशी साली सुरू झाला.”

“हो ना, पण आधीचे नंतर मागे जाऊन मोजले. एकोणऐंशीला शंभर धरले आणि मागचं सगळं भरून काढलं.”

“मग तुला पान कशाला हवं होतं?”

“अक्षरासाठी. क्लायंटला बरं वाटतं, कोणीतरी हाताने लिहिलंय म्हटलं की.” त्याने मोबाइल हातात घेतला. “आणि मॅडम, मी ऑगस्टच्या शेवटी फोटो काढायला आलेलो. कपाट उघडलेलं सामंतकाकांनी. तेव्हाच एक नंबर नव्हती. दोनपासून सुरू होत्या. मला वाटलं, बायंडिंगला दिली असेल.”

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. खरंच, सात वह्या. तारीख एकोणतीस ऑगस्ट.

म्हणजे वही डिसेंबरात नाही, ऑगस्ट संपायच्या आधीच गेली होती. आणि ऑगस्टचा पूर्ण महिना कपाटाची माझी चावी कांताकडे होती. माझी इमारत पुनर्विकासाला गेली, घर हलवायचं होतं, त्यात डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मीच चावी तिला देऊन टाकली होती.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं, कोडं सुटलं.

३

कांता दिवा स्टेशनजवळ राहते. मी गेले तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता आणि ती हंडे आत घेत होती. तिची मुलगी कल्पिता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवीपासून ती माझ्याकडे गणित शिकायला येते. फी मी कधी घेतली नाही आणि कधी घेतली नाही हे कधी विसरलेही नाही.

“कल्पिता कुठाय?”

“गेलीय बाहेर. अभ्यास चाललाय तिचा. आठ दिवस मान वर नाय.”

“कांता, खरं सांग. पोलिसात जायचं नाही माझ्या मनात. वही रद्दीत गेली का?”

तिने हंडा टेकवला. “रद्दी मी विकते, बाई. वाचनालयाची, चार घरची, सगळ्यांचीच. खोटं कशाला बोलू? माझ्या हातनं गेली आसंल तर गेली. पण त्या कपाटातनं मी काय बी काढलं नाय. कल्पिताची शपथ.”

“हातून गेली आणि कपाटातून काढली नाही? मग काय चालत गेली?”

ती माझ्याकडे बघत राहिली. आज मला वाटतं, त्या नजरेत माझी कीव होती. तेव्हा मला ती लबाडी वाटली.

“तुमचा डोळा बरा हाय ना आता?” तिने विचारलं. “चहा ठेवू?”

मी चहा घेतला नाही. सामंतांना फोन करून सांगितलं, तिने जवळजवळ कबूल केलंय.

रविवारी, एकवीस तारखेला, कमिटीची बैठक ठरली. कांताला काढायचं आणि नोटीस फलकावर लावायची. तिची बाकीची चार घरं वाचनालयाच्याच सभासदांची होती. नोटीस लागली की तीही सुटणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि शनिवारी सकाळी पहिली वही परत आली.

४

वर्तमानपत्रांच्या टेबलावर, पेपरांखाली ती ठेवलेली होती. लाल खारव्याचा तोच पुठ्ठा, कोपऱ्यावर तोच तेलाचा डाग.

सामंतांनी टाळी वाजवली. “घाबरली आणि आणून ठेवली! आता तर पुरावाच झाला, शीलाताई. उद्या नोटीस.”

“हो,” मी म्हटलं. वही दुपारभर माझ्याकडे ठेवून घेतली. खरं तर मला फक्त ती जांभळी शाई बघायची होती.

पहिलं पान उघडलं. जानेवारी १९८६. त्या दिवसासमोर आकडा होता पाचशे त्रेपन्न. खोडलेलं नाही, बाजूला काही नाही. जांभळी शाई नाही. ‘चूक माझी’ नाही.

मी भिंग घेतलं. कागद जुना दिसत होता, पण तो चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला होता. वास येत होता. आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर नीट लिहिलं होतं, ‘सेन्सेक्स’.

शहाऐंशी साली ‘सेन्सेक्स’ हा शब्दच नव्हता! आम्ही नुसतं निर्देशांक म्हणायचो. सेन्सेक्स हे नाव एकोणनव्वदच्या सुमाराला पेपरात आलं आणि मग सगळ्यांच्या तोंडी बसलं. महिपतराव कितीही हुशार असले तरी तीन वर्षांनी जन्मणारा शब्द ते आधी लिहिणार नव्हते. दुसऱ्या वहीत, एक्क्याण्णवपासून, पानोपानी सेन्सेक्स आहे. तिच्यावरून कोणीतरी ही नक्कल केली होती. आकडे वेबसाइटवरून घेतलेले, म्हणून एकही चुकलेला नाही. चूक नव्हती, म्हणूनच वही खोटी होती.

आणि अक्षर? महिपतरावांसारखं वळण छान साधलं होतं. एवढंच की नवाच्या आकड्याला पोटात एक ठळक गाठ होती. घाईत एक आणि नऊ सारखे दिसतात, म्हणून मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना तशी गाठ द्यायला शिकवते. दुसरं कोणी शिकवत नाही.

मी कल्पिताला फोन केला.

५

ती आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा घट्टा पडला होता.

“किती रात्री जागलीस?”

“रात्री नाही, बाई. कॉलेज बुडवलं. बारा दिवस. दुसऱ्या वहीचे फोटो होते माझ्याकडे, मागे आईबरोबर आलेले तेव्हाचे.” तिने ते बोट मुठीत लपवलं. “मला वाटलं वही परत मिळाली की कोणी काही बोलणार नाही. सामंतकाका तर म्हणतायत, आई चोर आहे हे आता नक्की झालं. मी काय करून ठेवलं!”

“गणित बरोबर, पण उत्तर चुकलं,” मी म्हटलं. तिला थोडं हसवायचं होतं, ती हसली नाही. “खरी वही कुठाय?”

“पानं गेली लगद्याला. भंगारवाले पुठ्ठा वेगळा काढतात, भाव वेगळा असतो म्हणून. दिव्याच्या दुकानात मागे पडलेला पुठ्ठा तेवढा मिळाला.”

“म्हणजे तुझ्या आईनेच विकली.”

“हो.”

“कपाटातून काढून.”

“नाही.”

“मग कुठून?”

“बाई, नका ना विचारू.” तिने वही दोन्ही हातांनी दाबून धरली. “आईने शपथ घातलीय.”

पोरीच्या हाताखाली मागचा पुठ्ठा होता. आतून त्याला नवा खाकी कागद डकवलेला मी दुपारी पाहिला होता. पुढच्या पुठ्ठ्याला नव्हता.

संख्याशास्त्रात आम्ही मुलांना सांगतो, जिथे आकडे फार गुळगुळीत दिसतील तिथे खरवडून बघा. मी वही तिच्याकडून काढून घेतली, ओल्या रुमालाने कागद भिजवला आणि नखाने उचलला. ती “बाई, नको” म्हणत राहिली.

खाली निळ्या स्केचपेनने ठसठशीत लिहिलं होतं, ‘११’. आकड्यांभोवती गोल.

माझे दोन्ही ‘एक’. माझा गोल.

६

ऑगस्टमध्ये घर हलवताना मी गठ्ठ्यांना नंबर घातले होते. वस्तूंची यादी अजून माझ्या पर्समध्ये आहे. एक ते दहा पुस्तकं. अकरा, रद्दी, कांताला. सुतळीने कागद फाटू नयेत म्हणून गठ्ठ्याच्या वर नि खाली काहीतरी जाड लावतात. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, उजव्याने धूसर दिसत होतं. हाताला एक जाड पुठ्ठा लागला. आत काय आहे ते चाळून बघायचंही मला सुचलं नाही. वरून शाई उठेना म्हणून मागचा पुठ्ठा उघडून आतल्या बाजूला नंबर टाकला, बंद केला, बांधला.

वही माझ्या घरी आली कशी? जुलैत लेखासाठी मीच आणली होती. जांभळी शाई मला आठवत नव्हती, मी ती वहीतून उतरून घेतली होती. मग सामंतांनी कौतुक केलं आणि चार महिन्यांत ते माझं मलाच आठवू लागलं. देवघेव रजिस्टर कोरं होतं, कारण ज्या बाईने सहीचा नियम केला तिने स्वतः सही केली नव्हती. सगळ्या खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. जुलै ते ऑगस्टअखेर वही कोणाच्या हातात होती, हे मी स्वतःला सोडून सगळ्यांना विचारत फिरले.

एकोणऐंशीचे आकडे शहाऐंशीत मागे जाऊन भरले. मी आठवणी तशाच भरल्या होत्या.

“तुझ्या आईला कधी कळलं?”

“तुम्ही ‘लाल, खारव्याची’ म्हणालात तेव्हा. तिला तुमच्या घरचा गठ्ठा आठवला.”

“मग बोलली का नाही?”

कल्पिताने खाली बघितलं. “ती म्हणाली, बाईंचं नाव मोठं आहे. आपलं काय, आज बोलतील, उद्या विसरतील.”

७

रविवारी बैठकीआधी कांता मला जिन्यात भेटली. तिने माझा हात धरला, पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

“बाई, तुम्ही गप ऱ्हावा. नोटीस लागू दे. तुम्हाला या वयात कोण काय बोललं ते मला नाय बघवायचं. आम्हाला सवय हाय.”

तिचा हात सोडवून मी उरलेल्या तीन पायऱ्या चढले.

आत मी उभी राहिले आणि वही मागचा पुठ्ठा उघडून टेबलावर ठेवली. अकरा आकडा वर. सगळं क्रमाने सांगितलं. सामंतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“शीलाताई, हे... मिनिट्समध्ये नको घ्यायला. वयोमानाने होतं. वही गहाळ झाली, एवढंच लिहू.”

“वयोमान कांताच्या बाबतीत नव्हतं आठवलं तुम्हाला? लिहा, सामंत. नावासकट.”

“अवो बाई, बसा खाली,” सहदेव भोईर म्हणाले. त्यांचा आवाज हळू होता. “मी पन तेहतीस वर्सां आकड्याला शिव्या दिल्या. चूक कोनाची व्हती ते मना पन म्हाईत व्हता.”

मी देवघेव रजिस्टर उघडलं. जुलैच्या रकान्यात लिहिलं, ‘वही क्र. १. नेणारी शीला वर्तक.’ परतीच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. शेरा म्हणून दोनच शब्द लिहिले, आणि जांभळी शाई नव्हती म्हणून निळ्या स्केचपेनने लिहिले. मग चावी काढून सामंतांसमोर ठेवली.

नोटीस लागली, ती माझ्या हस्ताक्षरात. ठाण्याच्या प्रदर्शनात पहिल्या जागी नक्कल ठेवली. खाली पाटी, ‘मूळ वही शीला वर्तक यांच्या हातून नष्ट झाली. ही प्रत कल्पिता हिने लिहिली.’ विनीतने ती पाटी मोठी करून घेतली. म्हणाला, “मॅडम, याच पानासमोर लोक थांबतायत.”

दोन जानेवारीला मी दिव्याला गेले. कपाटाची चावी कांताच्या हातात परत द्यायची, असा ठराव कमिटीकडून करून घेतला होता. पेढेही नेले होते.

कांताने पेढा घेतला, चावी घेतली नाही.

“नको बाई. आता कपाटाला हात लावला की वाटतं, मागं कोणतरी उभं हाय. मी पलीकडच्या सोसायटीत काम धरलंय. तिथं कपाटं नायत, जिनेच हायत.”

“पण आता सगळ्यांना कळलंय. मी सगळ्यांसमोर सांगितलं, नोटीस लावली—”

ती हंड्यावर झाकण ठेवायला उठून गेली. कल्पिता दारापर्यंत मला सोडायला आली. आठवीत असल्यापासून मी तिला एक गणित घालायचे. दोन हजार आठ साली सेन्सेक्स बावन्न टक्के पडला. नऊ साली एक्क्याऐंशी टक्के चढला. सरासरी काढली तर वर्षाला साडेचौदा टक्के फायदा. मग ज्याने आठच्या सुरुवातीला शंभर रुपये घातले, त्याच्याकडे नऊच्या शेवटी किती? सगळी मुलं आनंदाने मोठे आकडे सांगायची. ती एकटी कागदावर करून बघायची आणि शंभरसुद्धा भरत नाहीत असं सांगायची.

“बाई, तुम्ही पुष्कळ चढवलंत,” ती म्हणाली.

“मग?”

“सत्त्याऐंशी.”

रस्त्यावर येईपर्यंत चावी माझ्याच मुठीत होती. संध्याकाळी फळा लिहिला. आकडा वर गेला होता.